बावीस ब्लाउज आणि दुसरा मजला

शिवणाच्या क्लासला दोन महिने जाऊनही मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. यात क्लासचा काहीच दोष नव्हता. मी त्या क्लासला एकदाही गेले नव्हते!

आता नीट सांगते. सुरतेत प्लेगाची साथ येऊन गेली त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. शहर धुऊनपुसून लख्ख झालं होतं आणि माणसांना तब्येतीचं नवंच वेड लागलं होतं. आम्ही लिंबायतला राहायचो. मूळचे खानदेशातले, पण हे लूमच्या कारखान्यात मास्तर, त्यामुळे संसार सुरतेचा. (मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लूम अडलं की ज्यांच्या नावानं हाका सुरू होतात, ते.) आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच कारखाना होता. सकाळपासून खटाक-खट, खटाक-खट! आमच्या फळीवरचे पेलेसुद्धा तालात हलायचे.

मी तेव्हा पस्तिशीची. वजन विचारू नका. रिक्षावाला मला मधे बसवायचा, कडेला बसले की रिक्षा वळणावर ऐकायची नाही.

तर त्या वर्षी सासूबाईंनी हौसेनं घरात शिलाई मशीन आणलं. त्याला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीभर सांगितलं, "मन्ही सून शिवाले शिकी ऱ्हायनी!" मी तर अजून पत्तासुद्धा विचारला नव्हता. पत्ता त्यांनीच आणला. उधना दरवाज्याजवळची इमारत, पहिला मजला, मंजुलाबेनचा शिवण क्लास.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या पिशवीत कात्री, टेप आणि खडू घातला, कपाळाला कुंकू लावलं आणि लढाईवर पाठवावं तसं मला रिक्षात बसवलं.

इमारतीत शिरले. पहिल्या मजल्यावर साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. पाटी दिसेना, दार दिसेना. वरून मात्र धम धम धम आवाज येत होता. मी म्हटलं, बाई गं, केवढी मशिनं चालतायत! अन् चढले वर.

दार ढकललं तर एकही मशीन नाही. भिंतभर आरसा, कोपऱ्यात टेपरेकॉर्डर आणि पंधरा-वीस बायका एकदम गुडघे वर करतायत! पुढे एक तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी. अंगाला चिकटलेली चकचकीत विजार. तिला बघून मी आधी डोळे मिटले आणि मग, आत कोण कोण आहे ते बघायला, लगेच उघडले.

"आवो मासी, आवो!" ती ओरडली. "शरमावानुं नहीं! वन, टू, थ्री, फोर!"

"मी शिवायला…" एवढंच मी बोलले. कुणीतरी माझी पिशवी घेतली, कुणीतरी मला रांगेत ढकललं. समोर एक लठ्ठ बाई येऊन उभी राहिली. मला पुढचं काही दिसेना. मी तिला म्हटलं, "जरा सरका ना बेन." ती पण काहीतरी म्हणाली. मी डावीकडे झाले, ती पण डावीकडे! मला राग आला. तिला पण आला. मग लक्षात आलं की समोर आरसा आहे. (आमच्या घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात कुंकू मावायचं, बाई मावत नव्हती. मी पस्तीस वर्षांत स्वतःला एकदम अख्खी कधी पाहिलीच नव्हती!)

शरमेनं मी पळूनच जाणार होते. पण टेप सुरू झाली आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. एक पाय बाजूला, दुसरा त्याच्याजवळ. गुडघा वर, पाय खाली. खटाक-खट, खटाक-खट. अहो, हे तर मी रोज भाकरी थापताना ऐकतेच! त्या सुरती बायका ताल शोधत होत्या, तो माझ्या हाडांत पंधरा वर्षं मुरलेला होता.

त्या पोरीचं नाव पिंकल. तिनं टेप थांबवली, माझा हात धरला आणि मला पहिल्या रांगेत आणून उभं केलं. "जुओ बद्धा! मासीना पग जुओ!" म्हणाली. सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघायचं!

मला आयुष्यात तोवर कुणी पुढे उभं केलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापुढे नणंदेचा अंबाडा आहे. त्या दिवशी मी ठरवलं, आता काहीही होवो, हा मजला सोडायचा नाही.

घरी गेले. सासूबाई दारातच. "काय शिकनी व?"

"आज… पायांचं शिकवलं," मी म्हटलं. (खोटं नव्हतं! मशीन पायानंच चालतं.)

झालं. रोज दुपारी तीनला मी गळ्यात टेप अडकवून निघायची. पिशवीत वर कात्री, खाली यांचा एक जुना लेंगा. दुसऱ्या मजल्यावर साडी सोडून लेंगा चढवायचा, तासभर उड्या मारायच्या, साडी नेसून परत. घरी आले की घामानं चिंब. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "किती मेहनत करस व पोर! शिवणमा एवढा घाम कोनले येस?"

"पण घरच्या मशीनला हात का लावत नाहीस?" एक दिवस शेजारणीनं विचारलंच.

"मॅडमनी सांगितलंय," मी म्हटलं, "तीन महिने घरच्या मशीनला शिवायचं नाही. हात बिघडतो."

सासूबाईंनी लगेच मशीनवर नवं प्लास्टिकचं कव्हर घातलं. हात बिघडू नये म्हणून!

यांना मी काही सांगितलं नव्हतं. विश्वास नव्हता असं नाही, पण आवाजाची भीती होती. लूमवर काम करणाऱ्या माणसाला आयुष्यभर ओरडून बोलायची सवय. यांची कुजबुज तिसऱ्या घरात ऐकू जायची. हे मला कानात "चहा दे" म्हणाले की पलीकडची म्हातारी म्हणायची, "माले बी टाक एक कप!"

असे दोन महिने मजेत गेले. मी दीड पदर बारीक झाले. (आमच्याकडे बायका वजन पदरात मोजतात.) आणि मग श्रावण आला, म्हणजे कानबाई आली.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांचा जीव. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोरलं, शालू घालून तिची स्थापना करायची, सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा करायची, रोटांचा नैवेद्य करायचा आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर न्यायचं. त्या वर्षी कानबाई आमच्या घरी होती. डोक्यावर घ्यायचा मान सासूबाईंचा.

सासूबाईंनी पंधरा दिवस आधी भाऊबंदकीच्या बायका बोलावल्या. त्यात कडोदऱ्याच्या काकू होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. सासूबाईंचं आणि त्यांचं नातं असं, की दोघी एकमेकींच्या स्वयंपाकात मीठ आधी शोधायच्या.

"औंदा बठ्ठ्या बाया एकच रंगना ब्लाउज घालतीन," सासूबाई म्हणाल्या. "हिरवा. कापडना ताका कारखानामाईन येस. शिवस मन्ही सून!"

मी तेव्हा सगळ्यांना चहा देत होते.

"किती बाया?" मी विचारलं.

"तू सोडीसन बावीस."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पान चावत म्हणाल्या, "बघू ना व, कशी शिवस ती."

आता बघा, मी त्याच क्षणी खरं सांगून मोकळी होऊ शकले असते. पण मग काकू जन्मभर हसल्या असत्या, सासूबाईंची मान भाऊबंदकीत खाली गेली असती, आणि माझा दुसरा मजला कायमचा बंद! मी पिशवीतून टेप काढली आणि शिंपिणीच्या थाटात म्हणाले, "या एकेक. मापं घेते."

इथे माझी खरी अक्कल दिसली. माप कसं घेतात हे मला माहीत नव्हतं. पण अंग कसं धरायचं हे मात्र पाठ होतं. पिंकल रोज सांगायची, "श्वास बहार, पेट अंदर, खभा पाछळ, पकडी राखो!" मी पण तसंच सुरू केलं.

"श्वास सोडा! पोट आत! खांदे मागे! हात मांडीला चिकटवा! हां, तसंच थांबा!" अन् टेप गच्च ओढून आकडा वाचायची. "तीस!"

"तीस?" थोरल्या नणंदबाई हरखल्या. "माले तर तो शिंपी छत्तीस सांगस मेला!"

"शिंप्याला काय कळतं! शास्त्रोक्त माप आहे हे."

मग काय! एकीचं तीस आलं म्हणून दुसरीनं पोट पाठीला लावलं. तिसरीनं डोळे मिटून उरलासुरला श्वास पण सोडला. काकूंनी तर दोनदा माप घ्यायला लावलं. पहिल्यांदा बत्तीस आलं होतं ना! सासूबाई निळ्या पडेस्तोवर थांबल्या आणि अठ्ठावीस मिळवलं. बावीसच्या बावीस बायका माझ्यावर खूश झाल्या. शिवणकामात एवढं कौतुक तर खऱ्या शिंप्याचंही होत नाही.

आता शिवणार कोण? नाइलाजानं यांना सांगावं लागलं, कारण हिरवा ताका इमारतीपर्यंत उचलून कोण नेणार? मी यांना गच्चीवर नेलं आणि शपथ घालून सगळं सांगितलं.

हे कुजबुजले, "म्हणजे माझा लेंगा तू नेतेस?"

खालून दूधवाला म्हणाला, "कसला लेंगा, मास्तर?"

"हे बघा," मी हात जोडले, "कानबाई होईपर्यंत तुम्ही बोलूच नका!"

साड्यांच्या गठ्ठ्यांमागचं दार शोधून काढलं आणि ताका घेऊन मी पहिल्या मजल्यावरच्या मंजुलाबेनसमोर आयुष्यात प्रथमच उभी राहिले. चष्मा नाकावर, तोंडात टाचण्या. "बेन, बावीस ब्लाउज. कानबाई आहे. माझी लाज तुमच्या हातात आहे."

त्यांनी टाचण्या काढल्या. "तमे कोण?"

"मी वर… दुसऱ्या मजल्यावर येते."

बाई उठूनच उभ्या राहिल्या! "तो ए तमे छो! पहेली लाइनवाळां!" आणि वर बोट दाखवलं. छताचा मोठा पोपडा गेला होता, बरोबर माझ्या जागेखालचा. दोन महिने त्यांच्या मशिनींवर चुना पडत होता आणि त्यांच्या मुली डोक्याला फडकं बांधून शिवत होत्या.

मी पाय धरले. माणूस चांगलं होतं. त्यांच्या घरी पण माताजी असायची, म्हणाल्या, देवीचं काम आहे, माझ्या मुली शिवतील, त्यांचा हात पण बसेल. मापं वाचून मात्र त्यांनी चष्मा पुसला. "बद्धी आटली पातळी?"

"सगळ्या नाजूक आहेत हो आमच्याकडे," मी म्हटलं.

"पण तमारुं नहीं सीवुं!" त्या म्हणाल्या. माझा ब्लाउज त्या शिवणार नव्हत्या. छताची शिक्षा!

रविवारी संध्याकाळी ब्लाउजांचं गाठोडं घरी आलं. काय सुरेख काम! सासूबाईंनी ते कानबाईपुढे ठेवलं. नवं कापड विसर्जनालाच अंगाला लावायचं, त्याआधी नाही, म्हणून कुणी घालून बघितलं नाही. काकू शिवण उलटसुलट करून एक तरी दोरा सुटलाय का शोधत राहिल्या. एक सापडेल तर शपथ! मी लाजून मान खाली घातली. (लाज खरीच होती, कारण वेगळं होतं.)

सोमवारी सकाळी आतल्या खोलीतून आवाज यायला लागले.

"ओढ व!"

"ओढी ऱ्हायनू! तू श्वास सोड!"

"सोडा! आते लेवू का?"

"लेवू नको! एक हूक बाकी शे!"

एकेक बाई बाहेर आली ती खांबासारखी. पाठ ताठ, पोट आत, हात मांडीला चिकटलेले. अगदी मी माप घेतलं होतं तशी! हिरव्या रंगाच्या बावीस बाया ओळीनं उभ्या राहिल्या आणि कुणीच कुणाशी बोलेना. बोलायला श्वास लागतो ना!

मी माझ्या जुन्या, विटक्या, ढगळ ब्लाउजात कोपऱ्यात उभी होते.

बँडवाल्यानं सुरुवात केली. सासूबाई कानबाईपुढे आल्या, नमस्कार केला. पाट उचलून डोक्यावर घ्यायचा. हात वर करायला लागल्या. कोपरापर्यंत आले आणि थांबले. पुन्हा जोर केला. बगलेत कापड करकरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दातांतून म्हणाल्या, "इंदू, हात वर जाई नही ऱ्हायना!"

नणंदबाई पुढे झाल्या. त्यांचे हात खांद्यापाशी अडकले. तिसरी आली, चौथी आली. बावीस बायकांपैकी एकीचाही हात डोक्यापर्यंत जाईना! बँड थांबला. गल्ली गोळा झाली. आणि काकूंना, ब्लाउजात जेवढा श्वास मावत होता तेवढा सगळा जमवून, संधी साधता आली.

"कानबाई रुसनी! या घरमा कोनी तरी खोटं वागनं शे!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पन्नास वर्षांत त्यांच्या घरावर असं बोट कुणी दाखवलं नव्हतं. आणि खोटं वागलेली बाई कोण, ते एका मलाच माहीत होतं. (यांनाही होतं, पण ते इमानदारीनं रुमाल तोंडात धरून उभे होते.)

मला सुचलं फक्त एवढंच, की या सगळ्यांत हात वर जाणारी मी एकटी. मी पुढे झाले, वाकले आणि कानबाईचा पाट उचलून सरळ डोक्यावर घेतला. माझा ढगळ ब्लाउज 'चूं' सुद्धा म्हणाला नाही.

कुणीतरी कुजबुजलं, "मान तर सासूना!"

तशी सासूबाईंनी ताठ मान आणखी ताठ केली. (वाकवायची सोयच नव्हती.) "मन्हा मान मी मन्ही सूनले दिधा!"

बँड पुन्हा सुरू झाला. आता नाचायला हवं. आमच्याकडे कानबाईपुढे नाचतात ते हातांनी. टाळ्या, फुगड्या, डोक्यावरून हात. माझे दोन्ही हात पाटाला आणि त्या बावीस जणींचे मांडीला! अंगात मोकळे राहिले ते फक्त पाय.

आणि पाय काय, दोन महिने तयारच होते! एक पाय बाजूला, दुसरा जवळ. गुडघा वर, पाय खाली. चार पावलं पुढे, चार पावलं मागे. ढोलवाला आपल्याच नादात वाजवत होता तो दचकला, माझ्या पायांकडे बघत बघत त्यानं ताल धरला. कारखान्याची खटाक-खट बाजूला होतीच. नणंदबाईंनी तेच पाऊल टाकून पाहिलं. हात न हलवता जमतंय म्हटल्यावर त्यांच्यामागे दुसरी, तिसरी… लिंबायतच्या गल्लीत बावीस हिरव्या बाया, हात अंगाला, मान ताठ, एका वेळी गुडघे वर! पुढे मी, डोक्यावर कानबाई, आणि जीव तोडून ओरडतेय, "वन! टू! थ्री! फोर! मागे!"

गच्च्या भरल्या. रिक्षा थांबल्या. एक गुजराती शेठ म्हणाला, "वाह, शुं डिसिप्लिन छे!" काकूसुद्धा नाचत होत्या! नाचता नाचता त्यांचा वरचा हूक उडाला, मग दुसरा, मग सगळ्यांचेच पटापट उडायला लागले. तसे बायकांना श्वास मिळाले, श्वासाबरोबर गाणी आली, आणि पदर घट्ट खोचून मिरवणूक दुप्पट जोरात निघाली!

नेमका तेव्हा बँड गाणं बदलायला क्षणभर थांबला. आणि तोच क्षण साधून हे माझ्याजवळ आले. कौतुकानं, प्रेमानं, माझ्या कानात कुजबुजले:

"इंदू! हाई त्याच दुसरा मजलावरलं शे ना व? शिवनना क्लास सांगीसन जास, ते?"

अख्ख्या लिंबायतनं ऐकलं.

माझा पाय वरच्या वर राहिला. काकूंचे डोळे चमकले. सासूबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या. मशीनचा हार, प्लास्टिकचं कव्हर, गल्लीभर केलेलं कौतुक, सगळं त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. मी म्हटलं, संपलं. कानबाईबरोबर मला पण तापीत सोडणार.

त्या जवळ आल्या. माझ्या हवेत राहिलेल्या पायाकडे बघितलं.

"पाय थांबाडू नको," म्हणाल्या. "कानबाई डोकावर शे." मग काकूंवर डोळे रोखून ढोलवाल्याला ओरडल्या, "ढोलवाला, वाजाड!"

तापीवर विसर्जन झालं. घरी आलो. सासूबाई मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या. मी समोर जमिनीवर.

"एक टाका बी येत नही तुले?"

"नाही, आत्याबाई."

"मंग हाई ब्लाउज?"

मी सगळं सांगितलं. लेंगा, गठ्ठे, मंजुलाबेनचं छत, श्वास सोडून घेतलेली मापं. त्या ऐकत राहिल्या. अठ्ठावीसच्या मापाचं आलं तेव्हा त्यांचा एकुलता एक उरलेला हूक हसण्यानं उडाला आणि मशीनच्या हारात जाऊन अडकला.

"तठे आरसा मोठा शे?" त्यांनी विचारलं.

"भिंतभर."

मग म्हणाल्या, "सकायपाईन मी बी येसू." म्हणजे उद्यापासून!

आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आल्या. आणि पंधरा दिवसांत पिंकलनं त्यांना पहिल्या रांगेत उभं केलं, मला दुसऱ्या! (आयुष्यात मिळालेली एकमेव पुढची जागा मी स्वतःच्या हातानं रिक्षात बसवून सासूला नेऊन दिली.) दिवाळीपर्यंत आमच्या भाऊबंदकीतल्या नऊ बायका यायला लागल्या. कडोदऱ्याच्या काकू दहाव्या. मंजुलाबेननं शेवटी क्लास दुसऱ्या इमारतीत हलवला, तळमजल्यावर.

आता माझी नात डिंडोलीत बायकांना झुंबा शिकवते. परवा तिच्या त्या चकचकीत विजारीची शिवण उसवली. घेऊन आली माझ्याकडे. "आजी, दोन टाके घालून दे ना. तू तर दोन महिने शिवणाच्या क्लासला जायचीस असं ऐकलंय मी."

मी चष्मा लावला, सुई घेतली, पाच मिनिटं दोरा ओवायची धडपड केली आणि विजार परत दिली. म्हटलं, "बाळा, याला पहिल्या मजल्यावर जावं लागतं. मी त्या दिवशी एक मजला जास्त चढले, ती अजून खाली उतरलेच नाही!"